चांदोली-कोयनेच्या जंगलातल्या कोल्ह्या-रानकुत्र्यांना रेबीजची लस देता येते का?

येते, पण सुईने नाही, खाण्यातून. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ साली ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबडीच्या मुंडक्यांत लसीची पुडी घालून ती कोल्ह्यांसाठी रानात टाकली. कोल्ह्याने चावलं की पुडी फुटते, लस तोंडाच्या आतल्या त्वचेला आणि टॉन्सिलला लागते आणि तिथूनच प्रतिकारशक्ती तयार होते. नुसती गिळली तर उपयोग नाही. पुढे विमानातून आमिषं टाकून पश्चिम युरोपातल्या बऱ्याच देशांनी कोल्ह्यांमधला रेबीज संपवला.

आपल्याकडे मात्र रेबीज मुख्यतः कुत्र्यांमुळे पसरतो. म्हणून माझ्या मते सुरुवात शिराळा-पाटणच्या जंगलालगतच्या वाड्यांपासून करावी. निदान ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर साखळी तुटते. मेंढपाळांची कुत्री यातून हमखास सुटतात, त्यांच्यापर्यंत पोचायलाच हवं! त्याच वेळी डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराचीही लस द्यावी. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांना त्याच विषाणूने गाठलं होतं, आणि सह्याद्रीतली रानकुत्रीही त्याला बळी पडू शकतात.

आणि कृपा करून कुणी स्वतःहून जंगलात लस किंवा मांस टाकू नका. ते काम वनखात्याचं आणि पशुवैद्यांचं आहे.