मोटरच्या सी++ कोडमध्ये वेक्टर हेडरवरच एरर का येतो?

लातूरच्या बोअरची मोटर टाकी पाहून बंद व्हावी म्हणून पातळीसाठी तुम्ही ‘अंडरस्कोर, मोठा टी, छोटा पी’ हा मॅक्रो (कंपाइल होण्याआधी त्या नावाच्या जागी सगळीकडे दिलेला मजकूर भरणारी व्याख्या) 40 ठेवलाय. गोची तिथंच. जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीत, म्हणजे वेक्टरच्या हेडर फाईलमध्येही, टेम्प्लेट पॅरामीटरचं (नंतर ठरणाऱ्या प्रकाराच्या जागी धरलेलं) नाव हेच असतं. मग कंपायलरला ‘टेम्प्लेट टाइपनेम 40’ दिसतं आणि तो वेक्टरच्या नावानं बोंब मारतो. हेडरला हात लावू नका, ते बिचारं निर्दोष आहे. अंडरस्कोरनंतर मोठं अक्षर असलेली नावं सी++ च्या स्टँडर्डनं कंपायलर-लायब्ररीसाठी राखून ठेवलीत. मॅक्रो काढा, ‘कॉन्स्टएक्सपर इंट टाकी_पातळी = 40;’ लिहा. मॅक्रो उसन्या लायब्ररीतून येत असेल, तर वेक्टरचं हेडर तिच्या आधी घ्या आणि तिच्या इन्क्लूडनंतर लगेच ‘अनडेफ’ करा, म्हणजे तो मॅक्रो रद्द करा. स्वतःच्या मॅक्रोला मात्र ही पळवाट नको: नुसतं वेक्टर वर सरकवलं तर आज चालेल, उद्या खाली मॅपचं हेडर जोडलं की परत तेच.