एका जेलरने मनावर घेतलं तर तुरुंग खरंच बदलतो, की हे सगळं सिनेमातच?

बदलतो. मी तीन वर्षं दर शनिवारी एका जिल्हा कारागृहात कैद्यांना लिहायला-वाचायला शिकवायला जायचो. (नाव सांगत नाही, ओळखीची माणसं अजून तिथे आहेत.) नवे अधीक्षक आले, त्यांनी आल्या आल्या ना भाषण केलं, ना रंगरंगोटी. सकाळी बराकी उघडल्या की लोखंडी स्टूल टाकून समोर बसायचे आणि एकेकाला विचारायचे, "तुझी पुढची तारीख कधी?" कच्च्या कैद्याचा, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याचा, सगळा जीव कोर्टाच्या त्या तारखेत अडकलेला असतो. पहिल्याच आठवड्यात एक जण सापडला. पंधरा हजारांचा जामीन मंजूर होऊन पाच महिने झाले होते, पण जामीनदार नाही म्हणून आतच. साहेबांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना मोफत वकील देणारी सरकारी यंत्रणा) वकिलाकडून अर्ज करवला, रक्कम कमी झाली, माणूस घरी गेला. मग स्टुलासमोर रांगच लागायला लागली. त्याआधी हेच सांगायला शिपायाची मनधरणी करावी लागे.

किरण बेदी १९९३ ते ९५ तिहारला महानिरीक्षक होत्या. एप्रिल १९९४ मधलं गोएंका गुरुजींचं विपश्यना शिबिर सगळ्यांना आठवतं, हजारावर कैदी बसले होते. मला मात्र त्यांची फिरती तक्रारपेटी जास्त मोलाची वाटते. कुलूपबंद पेटी घेऊन एक अधिकारी बराकीबराकीतून फिरायचा आणि चिठ्ठ्या थेट त्यांच्या कार्यालयात जायच्या. मधला शिपाई आणि बराकीतला दादा, दोघंही कटाप!

आता सिनेमाचं. कैद्यांना माणसात आणणाऱ्या जेलरची गोष्ट सांगणारा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) सुचला तो आपल्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीवरून. औंध संस्थानात सुरू झालेली ही खुली वसाहत. कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. संस्थान विलीन झालं, किती साहेब आले-गेले, वसाहत राहिली, कारण ती सरकारी कागदावर रीतसर कैद्यांची खुली वसाहत म्हणून बसली. एकट्या साहेबाच्या भलेपणावर चाललेलं काही इतकं टिकत नाही.

आमच्या साहेबांची दीड वर्षात बदली झाली. पुढच्या शनिवारी गेलो तर ते स्टूल मोठ्या दरवाजापाशी होतं, त्यावर मुलाखतीला आलेल्यांच्या पिशव्या रचलेल्या.