‘प्रोफाइल आमच्याकडे आधीच होता’ असं कंपनी म्हणते, तेव्हा फी कशी वसूल करायची?

प्रश्न: एका मोठ्या कन्सल्टन्सीत सात वर्षं काम करून २०२१ मध्ये मी भोसरीत स्वतःची प्लेसमेंट फर्म सुरू केली. आम्ही चौघी आहोत. चाकण-रांजणगावच्या कंपन्यांना क्वालिटी आणि मेंटेनन्सची माणसं देतो. उमेदवाराकडून एक रुपया घेत नाही. कंपनीकडून एका महिन्याच्या सीटीसीएवढी (उमेदवाराच्या एकूण पगार-पॅकेजएवढी) फी घेतो. मार्चमध्ये चाकणच्या एका कंपनीला तीन प्रोफाइल पाठवले. एकाची मुलाखत झाली आणि मग ‘पोझिशन होल्डवर आहे’ असं कळवलं. जुलैत लिंक्डइनवर पाहते तर तोच उमेदवार तिथे प्लांट क्वालिटी मॅनेजर, वर्षाला १८ लाखांवर! एचआर म्हणतात, हा प्रोफाइल आमच्या डेटाबेसमध्ये आधीपासून होता. सही-शिक्क्याचा करार नाही, फक्त ई-मेल आहेत. दुसऱ्या एका कंपनीने दोन माणसांचं बिल सात महिने अडवलंय, कारण त्यातला एक ६८ व्या दिवशी सोडून गेला. त्यात ऑगस्टमध्ये माझी सर्वांत जुनी रिक्रूटर अकरा हजार उमेदवारांची एक्सेल घेऊन गेली आणि तिने जवळच ऑफिस थाटलं. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं हा व्यवसाय करणार नाही, असं तिच्या नेमणूकपत्रात आहे. मला धंदा वाढवायचाय, ग्राहक तोडायचे नाहीत. काय करू?

उत्तर: ताई, तुम्ही जोडलेल्या मेलच्या प्रती मी दोनदा वाचल्या. ‘करार नाही’ असं तुम्ही लिहिलंय, पण करार आहे. तो एका कागदावर नाही, एवढंच.

तारखा बघा. ४ मार्चला तुम्ही अटींचा मेल पाठवला. त्यात फी किती, बिल किती दिवसांत द्यायचं आणि ‘आम्ही पाठवलेला उमेदवार सहा महिन्यांच्या आत कोणत्याही मार्गाने रुजू झाला तरी फी लागू राहील’ ही ओळ आहे. ५ मार्चला एचआरचं उत्तर आलं: ‘नोटेड. प्रोफाइल्स पाठवा.’ ११ मार्चला तुम्ही प्रोफाइल पाठवले. हा क्रम तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम भाग आहे. आधी प्रोफाइल आणि मागाहून अटी असं झालं असतं, तर मी तुम्हाला इतक्या ठामपणे सांगू शकलो नसतो.

‘नोटेड म्हणजे मान्य नव्हे’ असं त्यांचा वकील म्हणेल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ८ मध्ये त्याचं उत्तर आहे: प्रस्तावासोबत देऊ केलेला मोबदला समोरच्याने स्वीकारला, तर ती प्रस्तावाचीच स्वीकृती. अटी वाचून त्यांनी प्रोफाइल मागवले, घेतले, मुलाखत घेतली. मेलवरून झालेला करार वैध असतो, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ ने सांगितलंय. दोन्ही बाजूंचं अटींवर एकमत झालं असेल, तर रीतसर दस्त व्हायचा राहिला म्हणून करार बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अॅल्युमिनियम या खटल्यात मेलच्याच देवाणघेवाणीवरून म्हटलं आहे.

आता ‘आमच्या डेटाबेसमध्ये होता’ या मुद्द्याकडे येऊ. तुमच्या धंद्यात हे वाक्य रोज ऐकू येतं आणि बहुतेक जण तिथेच गप्प बसतात. पण जो हे म्हणतो, त्याने ते दाखवावं. उमेदवाराने थेट अर्ज केला असेल तर त्याला तारीख असते, जॉब पोर्टलवरून डाउनलोड केला असेल तर त्याचीही नोंद असते. ती नोंद ११ मार्चच्या आधीची निघाली तर तुमची बाजू लंगडी होईल, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही प्रश्न राहतोच, की प्रोफाइल आधीपासून होता तर १३ मार्चला एचआरने तुम्हालाच ‘उमेदवाराला शनिवारी अकराला प्लांटला पाठवा’ असा मेल का केला? आणि तुमच्या कागदांत मला सर्वांत मोलाचा वाटला तो फोटो: मुलाखतीच्या दिवशी उमेदवाराने गेटवरून तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिजिटर पास. त्यावर तारीख आहे, वेळ आहे, ‘कोणाकडे’ या रकान्यात एचआर लिहिलंय आणि ‘कोणाकडून’ या रकान्यात सिक्युरिटीवाल्याने बॉलपेनने तुमच्या फर्मचं नाव लिहिलंय. त्यांच्याच गेटवरचा, त्यांच्याच माणसाच्या हातचा हा कागद आहे.

तो फोटो ज्या फोनवर आला, तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर आजच बंद करा. मेलचे स्क्रीनशॉट नकोत, मूळ मेल मेलबॉक्समध्येच जपून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तो नमुना दोन भागांत आहे, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. ते आपण वेळ आली की करू.

एक विनंती आहे. त्या उमेदवाराला फोन करून जाब विचारू नका. फीचा करार त्याच्याशी नाही. होल्डवर ठेवलेली जागा पुन्हा उघडली म्हणून त्याला बोलावलं, तो गेला. त्याची नोकरी नवी आहे, घरी माणसं आहेत.

फी होते दीड लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी २७,००० रुपये, म्हणजे एकूण १,७७,०००. तुम्ही अजून बिलच काढलेलं नाही, ते आधी काढा. बिल काढलं की जीएसटी तुम्हाला भरावा लागेल, पैसे आलेले नसले तरी. हा खर्च जिवावर येतो, मला कल्पना आहे. पण बिलाशिवाय तुमची मागणी म्हणजे नुसती तक्रार ठरते.

कोर्टात लगेच जायची गरज नाही. तुमच्याकडे उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, तीही या व्यवहारांच्या आधीची, आणि तुमचा उद्योग सूक्ष्म वर्गात मोडतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ तुमच्यासारख्यांसाठीच आहे. सेवा दिल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ती स्वीकारली असं धरलं जातं. लेखी करारात मुदत कितीही लिहा, ४५ दिवसांच्या पुढे ती जाऊ शकत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज चढतं. बँक दर साडेपाच टक्के धरला तरी हे साडेसोळा टक्क्यांवर जातं. करारात ‘व्याज नाही’ असं लिहिलेलं असलं तरी हा हक्क जात नाही. अर्ज ऑनलाइन फॅसिलिटेशन काउन्सिलकडे (असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) करायचा. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद. निर्णय विरोधात गेला आणि कंपनीला त्याला आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात ९० दिवसांची मुदत लिहिलीय, प्रत्यक्षात जास्त लागतात. तेवढी तयारी ठेवा.

(हे वाचणाऱ्या इतर फर्मवाल्यांसाठी: उद्यम नोंदणी काम करण्याच्या आधी घ्या. नंतर घेऊन मागच्या बिलांवर या कायद्याचा फायदा मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सिल्पी इंडस्ट्रीजच्या खटल्यात २०२१ मध्ये सांगितलं. नोंदणीला पैसे लागत नाहीत.)

पण ग्राहक तोडायचे नाहीत ना? मग पहिलं पत्र माझ्या, म्हणजे वकिलाच्या, लेटरहेडवरून नको, तुमच्या लेटरहेडवरून जाऊ दे. आणि ते एचआरला नको, फायनान्स हेडला पाठवा, प्रत संचालकांना. एचआरला आपली चूक झाकायची असते, अकाउंट्सला वर्षअखेर गाठायची असते. २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून आयकरात तरतूद आलीय: सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ज्या वर्षी प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी त्या खर्चाची वजावट मिळते. शिवाय कंपन्यांना अशी थकबाकी दर सहामाहीला कंपनी निबंधकांकडे कळवावी लागते. पत्रात एवढंच लिहा: आमचा उद्यम क्रमांक हा, बिल हे, चार मेलच्या प्रती सोबत, उमेदवाराचा आधीचा अर्ज असल्यास त्याची तारखेसह प्रत पाठवा, नसल्यास १५ दिवसांत रक्कम जमा करावी. तुमच्या बिलांवर उद्यम क्रमांक छापलेलाच नाही, हे मला खटकलं. तो आजच टाका.

दुसऱ्या, रांजणगावच्या कंपनीचं अडकलेलं बिल सोपं आहे. दोन माणसं, प्रत्येकी ७०,०००, करासह १,६५,२००. जो टिकला त्याची फी अडवायला कंपनीला काही कारण नाही. जो ६८ व्या दिवशी गेला त्याच्या बाबतीत तुमच्या अटींत ९० दिवसांची रिप्लेसमेंट आहे, पैसे परत देण्याची अट नाही. म्हणजे बदली माणूस देणं तुमच्यावर आहे, आणि सात महिन्यांत तुम्ही एकही प्रोफाइल पाठवलेला नाही. रागात राहून गेलं असेल, पण त्याने त्यांच्या हातात सबब दिली. या आठवड्यात तीन चांगले प्रोफाइल मेलने पाठवा. मग तुमच्या सीएंना फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराची आयकर खात्याकडची नोंद) काढायला सांगा. कंपनीने त्या बिलावर टीडीएस कापून भरला असेल, तर बिल त्यांच्या वह्यांत चढलेलं आहे. एवढ्यावर खटला जिंकता येत नाही, पण ‘बिलच मान्य नाही’ हे म्हणणं मग त्यांना जड जातं. आणखी एक: पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर कंपनीला घेतलेलं इनपुट क्रेडिट (तुमच्या बिलावरच्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत करावं लागतं. सात महिने म्हणजे ती मुदत उलटून गेली. पत्रात ही ओळ घाला, अकाउंट्सवाला ती वाचेल.

तडजोड झाली आणि रक्कम कमी केली तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढायला विसरू नका. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच त्यातून कर कमी करता येतो. आणि दोन्ही वसुल्यांसाठी तीन वर्षांची मुदत मनात पक्की ठेवा. ‘बघू, करू’ अशा फोनवरच्या आश्वासनांनी ती वाढत नाही. लेखी कबुली किंवा काही रक्कम मुदतीच्या आत मिळाली, तरच वाढते.

आता तुमची जुनी सहकारी. पत्रातला हा भाग वाचताना तुमचं मन दुखावलंय हे कळत होतं. तरी स्पष्ट लिहितो: ते दोन वर्षांचं कलम विसरा. करार कायद्याच्या कलम २७ खाली धंदा-नोकरी करण्यावरची बंदी निरर्थक ठरते. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या सेंच्युरी कारखान्यातल्या गोळीकरी नावाच्या शिफ्ट सुपरवायझरवरची मनाई कायम ठेवली होती, पण त्याचा पाच वर्षांचा करार चालू असताना तो राजस्थानातल्या कोटा इथल्या कारखान्यात गेला होता म्हणून. नोकरी संपल्यानंतरच्या अशाच दोन वर्षांच्या अटीवर कंपनीने मनाई मागितली, तेव्हा १९८० मध्ये सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध मुरगई या खटल्यात न्यायालयाने ती दिली नाही. तिला ऑफिस थाटायचा हक्क आहे. तुम्हीही २०२१ मध्ये तेच केलंत.

एक्सेल न्यायचा हक्क मात्र तिला नाही. परवानगीशिवाय डेटा उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परिश्रमाने रचलेल्या डेटाबेसला कॉपीराइटचंही संरक्षण मिळू शकतं. पण नुसती नावं आणि फोन नंबर जॉब पोर्टलवरही मिळतात, न्यायालय तेवढ्यासाठी फारसं हलणार नाही. तुमच्या एक्सेलमध्ये शेवटचे तीन रकाने आहेत: नोटीस पिरियड किती, खरी अपेक्षा किती, आणि ‘का सोडतोय’. तिथे ‘आईचं डायलिसिस, पुण्याबाहेर नको’ असल्या नोंदी आहेत. फोनवर तासन्‌तास बोलून तुम्ही चौघींनी त्या जमवल्या, आणि तुमचा दावा उभा राहतो तो या रकान्यांवर.

पोलिसांत लगेच जाऊ नका. ती फाइल कोणत्या दिवशी, कोणत्या आयडीवर गेली, याची नोंद मेलच्या अॅडमिन खात्यातून आधी काढून घ्या. मग पत्र पाठवून फाइल पुसल्याची लेखी हमी मागा. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. आणि त्या नोंदी आधी उमेदवारांच्या आहेत, मग तुमच्या, हेही लक्षात असू द्या. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तुमच्यावरही जबाबदारी टाकतो. तुमच्या ड्राइव्हवर जुन्या उमेदवारांच्या आधार-पॅनच्या प्रती असतील आणि त्यांचं काम उरलं नसेल, तर त्या काढून टाका.

पुढच्या कामापासून एक सवय लावा. प्रोफाइलच्या मेलमध्येच लिहा: ‘हा उमेदवार आपल्याकडे आधीपासून असल्यास ४८ तासांत अर्जाच्या तारखेसह कळवावे.’ मला भेटायला याल तेव्हा छापील प्रती पुरे नाहीत. तुमचा लॅपटॉप आणि गेट पासचा फोटो असलेला तो फोन, दोन्ही घेऊन या.