आधी होस्टकडे बघ

तुझा मेसेज दोनदा वाचला. छोट्या गांधीलमाश्या आणि मुंग्या, दोन्ही परजीवी, मग एकाच तक्त्यात का बसत नाहीत, असं विचारलंयस. बसणारच नाहीत, कारण तू फक्त परजीवीकडे बघतोयस. होस्टकडे बघ, म्हणजे परजीवी ज्याच्या जिवावर जगतो त्याच्याकडे.

ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशी घे, एक मिलीमीटरही नसते, पतंगाच्या अंड्यात अंडं घालते आणि आतला पतंग कधी जन्मतच नाही. कोटेशिया ही दुसरी गांधीलमाशी सुरवंटाच्या आत वाढते, अळ्या बाहेर पडल्यावरही तो बिचारा काही दिवस जिवंत राहून त्यांच्याच कोषांची राखण करतो, मग मरतो. दोन्हीकडे एका जीवाचं शरीर संपतं, म्हणून यांना नुसतं परजीवी न म्हणता पॅरासिटॉइड म्हणतात.

आता पॉलिएर्गस मुंगी. जबडे कोयत्यासारखे, स्वतःचं स्वतः खाताही येत नाही, मग फॉर्मिका मुंग्यांच्या वारुळावर धाड घालून कोष पळवते, आणि त्यातून निघालेल्या कामकरी मुंग्या परक्या घरातली पिल्लं आपली समजून वाढवतात. मुंग्यांचा अभ्यासक ह्युबरने हे 1810 मध्येच लिहून ठेवलंय. टेल्यूटोमिर्मेक्स मुंगीला तर कामकरी मुंग्याच नाहीत, ती होस्ट राणीच्या पाठीवर चिकटून बसते आणि वसाहत चालू राहते. इथे शरीर नाही, श्रम खाल्ले जातात. शिवाय अशा मुंग्यांचा होस्ट बऱ्याचदा जवळचा नातलग असतो, कीटकशास्त्रज्ञ एमरीने 1909 मध्ये हे मांडलं. सुरवंट गांधीलमाशीचा कोण लागतो? कोणी नाही! होस्टकडे बघ म्हणतो ते यासाठी.

आणि युकॅरिटिड बघितल्यास का? गांधीलमाशीच, पण अळी मुंगीच्या अळीला चिकटून वारुळात वाढते, मुंगी कोषात गेली की मग खाते. तुझा तक्ता इथेच फाटेल, फाटू दे.

मी दोन वर्षं गांधीलमाश्या अल्कोहोलमध्ये भरल्या आणि त्या ज्यातून निघाल्या ती रिकामी कातडी फेकून दिली. शेकडो नमुने, होस्टचा कॉलम कोरा. गाईडला आकडे हवे होते, वेळ कमी होता, मी तरी काय करणार होतो, पण हात माझेच होते ना. तेव्हापासून हट्टाने सगळ्यांना सांगतो, लोक कंटाळतात, कंटाळू देत.

तुझ्या डबीत तो वाळलेला सुरवंट आहे म्हणालास, तो टाकू नकोस. झाड कोणतं, तारीख काय, त्यातून किती निघाल्या, आजच चिठ्ठीवर लिही आणि डबीत टाक.