‘श्वान’ शब्द कुठून आला आणि तो कधी वापरावा?

श्वान म्हणजे कुत्राच. संस्कृतातला मूळ शब्द ‘श्वन्’. प्रथमेत तो श्वा, श्वानौ, श्वानः असा चालतो. त्याच रूपांतून आलेला अकारान्त ‘श्वान’ मराठीने उचलला. षष्ठी मात्र ‘शुनः’, शुनःशेप या वैदिक ऋषीच्या नावातली. ग्रीक ‘क्यूओन’ आणि इंग्रजी ‘हाउंड’ याच कुळातले.

मराठीत हा शब्द औपचारिक: पोलिसांचं श्वानपथक, बातमीतला श्वानदंश. घरच्या मोत्याला ‘आमचा श्वान’ म्हटलं की कृत्रिम वाटतं, तिथे कुत्राच हवा. मादीसाठीही सरळ ‘कुत्री’ लिहावं. ‘स्वान’ हे लेखन चूक.

‘श्वापद’ जपून वापरा. व्युत्पत्तीने तो ‘कुत्र्यासारखे पाय असलेला’, पण मराठीत अर्थ रानटी, हिंस्र जनावर. पाळीव कुत्र्याला तो लावू नये.