‘मुलांना नकार आला, म्हणजे मीच कमी पडले’

एप्रिल-मे महिन्यांत माझ्याकडे समुपदेशनासाठी विद्यार्थी आणि पालक येतातच. गेल्या काही वर्षांत मात्र आणखी एक वर्ग येऊ लागला आहे, तो म्हणजे मुलांना कॉलेज-प्रवेशासाठी मार्गदर्शन करणारे शाळांमधले कौन्सेलर. पुण्या-मुंबईच्या आंतरराष्ट्रीय शाळांत हे पद आता सर्रास दिसतं. कुणी शिक्षकी सोडून यात येतं, कुणी मानसशास्त्रात एम. ए. करून, तर कुणी कंपनीतली नोकरी सोडून. पहिले निकाल लागले की वेगवेगळ्या तोंडून तेच ऐकू येतं : ‘मुलांना हवं ते कॉलेज मिळालं नाही. मी या कामाला लायकच नाही का?’

रेवतीची (नाव आणि तपशील बदलले आहेत) गोष्ट सांगते, कारण तिच्यात मला या सगळ्याच जणी दिसतात. ती आधी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. पहिल्या भेटीतच तिनं लॅपटॉप उघडून एक तक्ता दाखवला. मुलांची नावं, कॉलेजं, होकार हिरव्या रंगात, नकार लाल. त्यात एका हुशार मुलाची अख्खी ओळ लाल होती. त्याचे वडील शाळेच्या आवारात सगळ्यांदेखत म्हणाले होते, “तुमच्या भरवशावर राहिलो, तिथेच चुकलं.”

“मॅडम, मी परत शिकवायला जाऊ का?”

अशा वेळी मी दिलासा देत नाही. ‘तुमची काही चूक नाही हो’ हे तिला नवऱ्यानं, सहकाऱ्यांनी सांगून झालेलं होतं आणि तरीही तिची झोप उडालेली होती. मी विवेकनिष्ठ विचारांच्या मुशीतली आहे. घडलेल्या घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, असं मी मानते. म्हणून मी हिरव्या रंगाकडे वळले.

“ही मुलगी कोण?”

“ती एडिनबरोला गेली. फार गुणी मुलगी.”

“तिच्या प्रवेशात तुमचा वाटा किती?”

“माझा कसला? तिचीच मेहनत. मी फक्त मागे होते.”

“आणि या मुलाच्या नकारात?”

ती थांबली. मग म्हणाली, “सगळा.”

होकार मुलांचे आणि नकार तिचे, असा तिचा हिशेब होता. तो तिला लगेच कळला, ती हसलीही, पण जाताना म्हणाली, “हे डोक्याला पटतंय. रात्री नाही पटत.” ती खरंच बोलत होती. नुसता युक्तिवाद जिंकून माणसाचं मन हलकं होत नाही.

पुढच्या भेटीसाठी मी तिला एक काम दिलं. त्या मुलाच्या अर्जाचा ऑगस्टपासून मार्चपर्यंतचा प्रत्येक टप्पा लिहायचा आणि समोर तो निर्णय कुणी घेतला, एवढंच लिहायचं. काय वाटलं ते लिहायचं नाही. तिनं मन लावून लिहिलं होतं. निबंधाचा विषय : मुलगा. 1 नोव्हेंबरच्या मुदतीत, निवड झाली तर त्याच कॉलेजात जाईन, असं आधीच बांधून घेणारा अर्ज करणं : वडील. शिफारसपत्र आणि शाळेचा अहवाल : मी. आर्थिक मदत मागणं : वडील. (परदेशी विद्यार्थ्यानं मदत मागितली की अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं ती गोष्ट निवडीच्या वेळी विचारात घेतात आणि ती त्याच्या विरोधात जाऊ शकते. ती विचारात न घेणारी हार्वर्ड, येल, एमआयटी यांसारखी मोजकीच, आणि तिथं शिरणंच सर्वांत अवघड.) अंतिम निवड : कॉलेज.

‘कॉलेजांची यादी’ या ओळीसमोर मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं.

“यादी वडिलांनी आणली होती,” ती म्हणाली.

“तुम्हाला पटली होती?”

“नाही. जवळजवळ सगळी नावं अशी, की शंभर अर्जांतून साधारण चार-पाच जणांना घेतात.”

“मग तसं सांगितलंत?”

“ईमेल केली होती. आणखी काही पर्याय पाहावेत, अशी.”

“समोर बसून?”

बराच वेळ ती बोलली नाही. मीही तिला घाई केली नाही. समुपदेशनात अशी शांतता आली की ती भरून काढायचा मोह आवरावा लागतो, आणि तेवढं मला आता जमतं. शेवटी ती म्हणाली, “नाही. ते फार मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांच्यासमोर मी कोण? मला भीती वाटली.”

आणि मग ती रडली. पहिल्या भेटीत ती ‘मी नालायक आहे’ म्हणून रडली होती. या वेळी डोळे पुसून तिनं विचारलं, “म्हणजे यातलं एवढं माझं होतं ना? हे मला बदलता येईल.”

सगळा दोष अंगावर घेणारी माणसं जबाबदार दिसतात, पण बहुतेकदा त्या ढिगाखाली त्यांची स्वतःची नेमकी जबाबदारी न पाहिलेलीच राहते. रेवती हार्वर्डच्या निर्णयाचं ओझं वाहत होती आणि सप्टेंबरमधलं अर्ध्या तासाचं एक बोलणं टाळल्याचं मात्र तिच्या लक्षातही आलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या कामात मी ज्या थोड्या गोष्टी खात्रीनं शिकले, त्यांतली ही एक आहे. माणसाचा नेमका वाटा त्याच्या हातात दिला की तो पेलतो.

पुढे आम्ही ते बोलणं सरावानं बसवलं. मी वडील व्हायचे, आवाज चढवायचे. सुरुवातीला ती मध्येच माफी मागायची. हळूहळू एक वाक्य तिच्या तोंडी बसलं : “या यादीतल्या एकाही ठिकाणी झालं नाही, असं धरू. मग पुढच्या वर्षी तुमचा मुलगा कुठे शिकत असेल?”

हा प्रश्न परदेशी जाणाऱ्यांपुरता नाही. आपल्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात 10 पसंतीक्रम देता येतात. तिथेही पालक कट-ऑफ न बघता नावाजलेलीच कॉलेजं भरतात, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, हे कितीकांना उशिरा कळतं. फॉर्म भरून देणारे पुष्कळ असतात. समोर बसून हे सांगणारं माणूस विरळा, आणि कौन्सेलरचं काम ते आहे.

रेवतीनं नोकरी सोडली नाही. पुढच्या सप्टेंबरात तिनं ते वाक्य एका आईसमोर उच्चारलं. आईनं मुख्याध्यापिकेकडे तक्रार केली. संध्याकाळी रेवतीचा फोन आला, आवाज कापत होता. “वाईट वाटतंय मॅडम. पण मी लायक आहे का, असं नाही वाटलं.” मला मनापासून आनंद झाला.

या क्षेत्रात यायचंय म्हणून विचारणाऱ्या शिक्षकांना मी म्हणते, जरूर या. वर्गात मुलं ओळखायला शिकलेला माणूस इथं मोलाचा असतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, लॉस एंजलिस इथला यासाठीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतो. मुदती, फॉर्म, नियम शिकता येतात. पण नोकरी स्वीकारण्याआधी मुलाखतीत तीन गोष्टी विचारा. एका कौन्सेलरकडे मुलं किती? अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना 250 ची शिफारस करते. त्याहून फार जास्त असतील तर तुम्ही मुलांना ओळखणार कधी? दुसरं, पगार कोण देतं? परदेशी विद्यापीठांकडून प्रत्येक प्रवेशामागे कमिशन घेणाऱ्या एजन्सीत बसलात, तर कुठलं कॉलेज सुचवायचं हे आधीच ठरलेलं असू शकतं. आणि तिसरं, पालकांनी आणलेली यादी मला पटली नाही, तर ती बदला असं सांगताना शाळा माझ्या पाठीशी उभी राहील का? या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचे आधी एकमेकांकडे पाहू लागले, तर दुसरी शाळा शोधा.