डबा नंतर, आधी पोर्ट बघा

प्रश्न: दादा, माझा लॅपटॉप पातळ आहे. १५ वॅटचा ‘यू’ मालिकेतला प्रोसेसर, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दिवसभर त्यावर ऑफिसचं काम चालतं, रात्री गेम खेळायचे असतात. जाडजूड गेमिंग लॅपटॉप रोज पाठीवर वाहायचा नाही, म्हणून बाहेरून कार्ड जोडायचं म्हणतोय. डावीकडे दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत, एकाशेजारी विजेची खूण आहे. एनक्लोजर (कार्ड ठेवायचा बाहेरचा डबा) कोणतं घेऊ आणि कार्ड किती मोठं? खेळणार लॅपटॉपच्याच स्क्रीनवर.

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझं निम्मं उत्तर तिथेच आहे. बाहेरच्या कार्डाने काढलेलं चित्र लॅपटॉपच्या स्क्रीनवर दाखवायचं तर ते त्याच केबलमधून परत यावं लागतं. म्हणजे आधीच अरुंद असलेल्या रस्त्यावर उलटी वाहतूकही सुरू. मॉनिटर थेट कार्डाच्या मागच्या पोर्टला लावलात तर हा भार वाचतो. म्हणून बजेटमध्ये मॉनिटर आधी धरा, कार्ड त्यानंतर.

आता ती विजेची खूण. विजेच्या टोकाला बाण असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे यूएसबी-सीच्याच आकाराचा पण जास्त वेगवान पोर्ट. नुसती बॅटरी किंवा प्लग काढलेला असेल तर तो चार्जिंगचा पोर्ट. खुणेवर विसंबू नका, कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून खात्री करा. थंडरबोल्ट ३ किंवा ४ असेल तर काम होतं. यूएसबी४ लिहिलेलं असेल तर त्यात पीसीआयई टनेलिंग (ग्राफिक्स कार्डाची पीसीआयई वाहतूक त्याच केबलमधून नेण्याची सोय) आहे का ते पाहा, कारण त्या मानकात ते ऐच्छिक आहे. १० गिगाबिटच्या साध्या यूएसबी-सीवर हे जमत नाही, तिथेच थांबा.

थंडरबोल्ट ४ वर सेकंदाला ४० गिगाबिट लिहिलेलं असतं. त्यातले कार्डाच्या वाट्याला जास्तीत जास्त ३२, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. डेस्कटॉपमधल्या १६ लेनच्या (डेटाच्या वाटांच्या) पीसीआयई ४.० स्लॉटमधून एका दिशेने साधारण २५६ जातात. टाकी कितीही मोठी बांधा, नळ अर्ध्या इंचाचाच. तरी वेग आठपट घटत नाही, कारण गेमचं बरंचसं सामान एकदा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत चढलं की तिथेच राहतं. मेमरी अपुरी पडली की मात्र ते सामान केबलवरून सारखं ये-जा करू लागतं आणि गेम अडखळतो. म्हणून बाहेरच्या कार्डासाठी माझं मत ठाम आहे: चिप एक पायरी खालची चालेल, मेमरी कमी नको. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत आलं, त्यातलं १६ वालं घ्या. ४०९० सारखं ४५० वॅट खाणारं कार्ड या केबलवर लावणं म्हणजे निव्वळ हौस.

आणखी एक गोष्ट उलटी वाटेल. हलक्या सेटिंगवर सेकंदाला १४४ फ्रेम (चित्रं) काढायला गेलात तर केबलवर ताण जास्त येतो, १४४०पी या वरच्या रिझोल्यूशनवर ६० फ्रेमने निवांत खेळलात तर कमी. फुरसतीत खेळायच्या कथाप्रधान गेमसाठी ही मांडणी छान. नेमबाजीच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर डेस्कटॉपच बरा.

प्रोसेसरची शंका घरबसल्या तपासता येते. आवडता गेम आत्ताच, कार्डाशिवाय, अगदी खालच्या रिझोल्यूशनवर चालवा आणि फ्रेम बघा. रिझोल्यूशन आणखी उतरवूनही आकडा वाढत नसेल तर अडसर प्रोसेसरचा आहे. बाहेरचं कार्ड आल्यावर आतल्या ग्राफिक्सचा वीजवाटा प्रोसेसरला मिळतो, त्यामुळे थोडी उसंत मिळेल. चमत्कार घडणार नाही.

एनक्लोजरबद्दल फार डोकं शिणवू नका. आतला पॉवर सप्लाय कार्डाला पुरतो का, कार्ड लांबी-जाडीत मावतं का, आणि त्याच केबलवरून तुमचा लॅपटॉप चार्ज होईल इतके वॅट मिळतात का, एवढं पाहा. केबल डब्याबरोबर आलेलीच वापरा. थंडरबोल्ट ३ ची लांब, स्वस्त केबल अनेकदा निम्म्याच वेगाने चालते.

प्रश्न: ऑक्युलिंक (पीसीआयई सरळ बाहेर नेणारी केबल-जोडणी) थंडरबोल्टपेक्षा चांगलं म्हणतात. लॅपटॉपच्या एम.२ स्लॉटमधून (आत एसएसडी बसते त्या जागेतून) काढून घेऊ का?

उत्तर: वेगाच्या बाबतीत चांगलंच. पीसीआयई ४.० च्या चार लेन सरळ मिळतात, ६४ गिगाबिट, मध्ये टनेलिंगचं झेंगट नाही. माझ्या टेबलावरच्या मिनी पीसीला मी तेच लावलंय आणि मला आवडतं. पण तो पीसी जागचा हलत नाही. ऑक्युलिंकची केबल काढण्या-लावण्याआधी मशीन पूर्ण बंद करावं लागतं, तिच्यातून चार्जिंग होत नाही, आणि तुमच्यासारख्या लॅपटॉपला मागच्या झाकणातून वायर बाहेर काढावी लागेल. एसएसडी एका स्लॉटमध्ये ठेवून दुसरा पीसीआयईचा स्लॉट रिकामा असेल, तरच विचार करा. रोज बॅगेत जाणाऱ्या लॅपटॉपचं झाकण मी तरी कापणार नाही.

प्रश्न: माझ्याकडे एम२ चिपचं मॅकबुक एअर आहे. त्याला थंडरबोल्ट आहे, मग गेमसाठी कार्ड लावता येईल ना?

उत्तर: नाही. ॲपलने २०१८ साली मॅकओएस १०.१३.४ मध्ये ही सोय दिली, ती इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी आणि एएमडीच्या ठरावीक कार्डांसाठी. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर खेळण्यासाठी ती नाही. पोर्ट असला तरी डब्यावर पैसे घालू नका.